आत्याबाईंच्या पायाखालची फरशी

दुकानातल्या पोरानं चौथी टाईल काढून खाली ठेवली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चप्पल काढली. पिशवीतल्या बाटलीतलं ओंजळभर पाणी त्यांनी टाईलवर ओतलं, माझा खांदा धरला आणि उजवा पाय तिच्यावर ठेवला. आधी टाच दाबली, मग अंगठा, मग पाऊल जरा पुढं सरकवून पाहिलं. पोरगं बघत राहिलं.

“आजी, खुर्ची देतो, बसून बघा की.”

“बसून काय कळतंय लेकरा? कोरड्या फरशीवर कुणी बी उबारतंय. वल्लीवर पाय ठरला पाहिजे.”

चौथीवर पाय ठरला नाही. पाचवी काढली.

त्या दिवशी लातुरातली सहा दुकानं आम्ही पालथी घातली. एकाही दुकानात ओल्या टाईलवर उभं राहून बघायची सोय नव्हती. जिच्यावर जन्मभर पाणी पडायचं ती वस्तू आपण कोरडी बघतो, भिंतीला टांगलेली बघतो, दिव्यांच्या लखलखाटात बघतो आणि पसंत करतो. मीही २०१२ साली तशीच पसंत केली होती. संगमरवरासारखी दिसणारी, साईच्या रंगाची, आरशासारखी चकचकीत. घर बांधताना सगळ्यात जास्त वेळ मी त्या टाईलपाशी घालवला होता आणि ती बसली तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मागच्या श्रावणात एका सकाळी त्याच टाईलवर आत्याबाईंचा पाय सटकला. वय चौऱ्याहत्तर. पडताना माणूस हात पुढं टाकतो, सगळा भार मनगटावर येतो. डावं मनगट मोडलं. खुबा वाचला म्हणून नशीब म्हणायचं, असं हाडाचे डॉक्टर म्हणाले. सहा आठवडे प्लास्टर होतं आणि ते सहा आठवडे आत्याबाईंना आंघोळ मी घातली. त्या स्टुलावर बसायच्या, प्लास्टरच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, आणि मी त्यांच्या पायाशी उकिडवी. बारा वर्षं रोज त्या बाथरूममध्ये जात होते, पण तिथली फरशी मी पहिल्यांदा जवळून पाहिली ती तेव्हा.

तिच्यावर एक थर होता. बोटानं घासलं तर मेणासारखा निघायचा, दुसऱ्या दिवशी परत. मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे तो काय आहे हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार इतके की साबणाला फेस धरत नाही. साबण त्या क्षारांशी मिळून न विरघळणारा चिकट साका होतो आणि फरशीवर बसतो. चकचकीत टाईल, तिच्यावर हा साका, त्यावर पाणी. पाय सटकेल नाहीतर काय! पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० आहे. आम्ही पाणी तपासून घेतलं तेव्हा आमचा आकडा त्या ६००च्याही पुढं निघाला. तपासणी घर बांधायच्या आधी करायला हवी होती. टाईल, नळ, गिझर, पाईप, सगळ्याची निवड त्या एका कागदावरून व्हायला पाहिजे, हे मी आता मनापासून सांगते. जो कुणी घर बांधतो त्याला आधी विचारते, पाणी तपासलं का?

साक्यापेक्षा मोठं दुखणं भिंतीत होतं. जड पाण्याचे पांढरे डाग टाईलवर, नळावर, बादलीच्या बुडाला चढतात आणि ते घालवायला आपल्याकडे हमखास अ‍ॅसिड वापरतात. कुणी टॉयलेट क्लिनर ओततं, कुणी दारावर सुटं विकायला येतं ते घेतं. दोन्हींत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. डाग जातात, खरंच जातात. पण दोन टाईलमधल्या सांध्यांत साधं सिमेंटचं ग्राऊट होतं, आणि आम्ल सिमेंटही खातं. दर पंधरा दिवसांनी आम्ही डाग घालवत होतो आणि सांधे खरवडून काढत होतो. सांध्यांतून पाणी टाईलखाली, टाईलखालून भिंतीत. शेजारच्या खोलीत कपाटामागं रंगाचे पापुद्रे सुटायला लागले, फुगे आले, त्यातून पांढरी भुकटी गळायला लागली. रंगवाल्याला दोनदा बोलावून आम्ही तिथं पुट्टी मारली. दुखणं बाथरूमच्या फरशीत आहे हे तिसऱ्या वेळी मिस्त्रीनं सांगितलं. टाईलवर थापीच्या दांड्यानं ठोकून दाखवलं. दहातल्या सहा पोकळ वाजत होत्या.

तेव्हा ठरलं की सगळं उकरायचं.

आत्याबाईंचं म्हणणं होतं की शहाबादी बसवा. त्यांच्या माहेरी वाड्यात शहाबादी होती, शाळेत होती, आणि अनवाणी पायाला तिच्याइतकं चांगलं काही लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. मलाही ती फरशी आवडते. मराठवाड्यातल्या आमच्या पिढीचं सगळं बालपणच तिच्यावर गेलं. उन्हाळ्यात दुपारी ओल्या फडक्यानं पुसून तिच्यावर उघड्या पाठीनं झोपायचं, सागरगोटे खेळायचे, खडूनं गणितं करायची. शहाबाद गाव कलबुर्गी जिल्ह्यात, पूर्वी आमच्यासारखंच निजामाच्या राज्यात. आमची स्वतःची जमीन काळ्या कातळाची, बेसॉल्टची. तो लाव्ह्याचा दगड, त्याच्या फरशा सहजासहजी निघत नाहीत. भीमेकाठचा तो चुनखडीचा दगड मात्र थरावर थर साचून झालेला, पहार घातली की पानासारखा सुटतो. म्हणून इकडच्या घरांत जमीन शहाबादची आणि भिंती इथल्या काळ्या दगडाच्या.

पण चुनखडी, आणि तीही आमच्या पाण्यात? माझ्या मनात तेच घोळत होतं. मिस्त्रीकडून मी तुकडे मागवले. शहाबादी, कडप्पा, कोटा, ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाईलचा एक फुटका कोपरा. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर ते ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर लिंबाचा एकेक थेंब टाकला. सकाळी पुसून उजेडात तिरके धरले. कडप्प्यावर चार आण्याच्या नाण्याएवढा निस्तेज गोल उठला होता. ज्यांच्या घरी कडप्प्याचा ओटा आहे त्यांना हा डाग ओळखीचा असेल, चिंचेचा कोळ सांडला तरी तो पडतो. कोट्यावर तसाच, जरा फिका. शहाबादीवर पांढुरका. ग्रॅनाइट आणि टाईल जशाच्या तशा.

मग हातमोजे घालून, खिडकी उघडून मी टॉयलेट क्लिनरचा थेंब शहाबादीवर टाकला. दगड फसफसला, बारीक बुडबुडे आले. जुन्या नळाच्या तोंडाला चढलेला खपला चिमट्यानं काढून त्याच्यावर थेंब टाकला. तोही अगदी तसाच फसफसला. कारण दोन्ही एकच आहेत, कॅल्शियम कार्बोनेट. हा प्रयोग मी वर्गात कितीतरी वेळा केला आहे, खडूच्या तुकड्यावर, शंखावर, अंड्याच्या टरफलावर. पण घरात कधी जोडून बघितलं नव्हतं. जे आम्ल डाग खातं ते शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर ह्या सगळ्यांना खाणारच. त्याला डाग कुठला आणि फरशी कुठली हे कळायचं काहीच कारण नाही. गोड्या पाण्याच्या गावात शहाबादी न्हाणीत शंभर वर्षं टिकेल. आमच्या पाण्यात डाग चढत राहणार, कुणीतरी केव्हातरी बाटली घेऊन येणार, आणि फरशी गेली. घर कामाच्या मावशींच्या, पाहुण्यांच्या, पुढं येणाऱ्या सुनांच्या हातात असतं. त्यांच्यावर पहारा ठेवून टिकणारी वस्तू घ्यावी असं मला वाटेना.

आत्याबाईंनी सगळे तुकडे हातात घेऊन पाहिले. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि माझा दगड?”

त्या दगडाविषयी जरा सावकाश सांगावं लागेल.

आत्याबाईंचं सासर, म्हणजे आमचं गाव, औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. जुन्या घराच्या परसात न्हाणी होती. वर आभाळ, बाजूला चूल, चुलीवर तांब्याचा हंडा, आणि मध्ये काळ्या दगडाची एक जाड शिळा, तीन फूट लांब, अडीच फूट रुंद. तिच्यावर बसून घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या. दिवाळीत पहाटे उटणं तिच्यावर लागलं, बाळंतिणींची न्हाणी तिच्यावर झाली, वज्रीनं टाचा तिच्यावर घासल्या. पाणी दगडाच्या उतारानं कर्दळीच्या आळ्यात जायचं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून गाव झोपलेलं, पहाटेचे चार वाजत आलेले. आमच्या भागातली घरं तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतींची, वर धाब्याचं मातीचं ओझं. भिंतीचा आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारा आडवा लांब दगड बहुतेक घरांत घातलेलाच नव्हता. जमीन हलली तशा त्या भिंती दोन बाजूंना फाकल्या आणि धाबं खाली आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातले चुलत सासरे आणि त्यांची दोन लेकरं त्यात होती. माझं लग्न नंतरचं, हे सगळं मी आत्याबाईंच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि तेही तीस वर्षांत दोनदाच. ढिगारा उपसताना न्हाणीतली शिळा सापडली, कुठंही टवका उडालेला नाही. मामंजींनी ती बैलगाडीत घालून पुनर्वसनाच्या नव्या जागी नेली, चारशे चौरस फुटांच्या नव्या घरामागं मांडली. २००८ साली मंडळी लातूरला आली तेव्हा तिला टेम्पोत घातली. मामंजी गेले त्यालाही आता नऊ वर्षं झाली. शिळा आमच्या मागच्या अंगणात पडली होती, तिच्यावर गोधड्या धुतल्या जात होत्या.

“ती आत घाला,” आत्याबाई म्हणाल्या. “मी तिच्यावरच बसत्ये. तुमच्या टाईली तुम्ही घ्या.”

मी पहिल्यांदा नको म्हटलं, आणि का म्हटलं तेही सांगते. शिळेचा मधला भाग पिढ्यांच्या पायांनी, धुण्यांनी झिजून वाटीसारखा आणि गुळगुळीत झाला होता. ओला झाला की माझाही पाय सरकायचा. जिथं मनगट मोडलं त्याच जागी आणखी एक घसरडी वस्तू, मग ती कितीही मायेची असो, मला ठेवायची नव्हती. मिस्त्रीलाही ते पटत नव्हतं. पाच इंच जाड, वजन अडीचशे किलोच्या घरात, हलवायला चार माणसं.

पण रात्री सवयीनं त्या शिळेवर मी लिंबू पिळलं. सकाळी काही नाही. क्लिनरचा थेंब टाकला, फसफसली नाही. बेसॉल्टच तो. वेरूळचं कैलास ज्या दगडात कोरलंय त्याच जातीचा. लाव्हा थंड होऊन झालेला, चुनखडी नव्हेच. राहता राहिला गुळगुळीतपणा. आणि तेव्हा मला पाट्याची आठवण झाली. पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की चटणी वाटत नाही, म्हणून त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं बारीक खड्डे पाडून घेतात. आमच्या गल्लीत अजूनही वर्षाकाठी एकदा टाकीवाला येतो. पाट्याला लागते ती टाकी ह्या दगडाला का लागू नये?

पाथरवट आला तो साठीचा माणूस. शिळेभोवती फिरला, हातोडीनं चार ठिकाणी ठोकून कान दिला. “घुमतोय. चीर न्हाई आत.” मग दोन दिवस अंगणात ठक ठक ठक. मधली वाटी मोडून त्यानं एकसारखा उतार काढला, एका कडेला. मग दातेरी हातोडीनं वरचा पापुद्रा टिपून काढला. अंगणभर काळी भुकटी. पहिल्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या, दगड ओला केला, अनवाणी उभ्या राहिल्या.

“टोचतंय. बारीक कर अजून.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

“अजून थोडं. माझी कातडी आता पातळ झालीय बाबा.”

तिसऱ्यांदा त्या दोन्ही पायांवर उभ्या राहिल्या आणि माझा खांदा सोडला.

शिळेचं ठरलं तसं बाकी सोपं झालं. भोवतालच्या फरशीला मॅट फिनिशची व्हिट्रिफाइड टाईल घेतली, एक फूट बाय एक फूट. दुकानदार दोन बाय चारच्या मोठ्या टाईलचा आग्रह करत होता, सांधे कमी म्हणून. बैठकीच्या खोलीला ते ठीक आहे. बाथरूमच्या जमिनीला चारी बाजूंनी जाळीकडे उतार द्यायचा असतो आणि मोठी टाईल वाकत नाही. मग उतार कमी तरी देतात नाहीतर कापाकापी करतात. शिवाय लहान टाईलला सांधे जास्त, आणि सांधा पायाला धरतो. व्हिट्रिफाइड एवढ्याचसाठी की ती पाणी पीत नाही. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. भिंतीची साधी सिरॅमिक टाईल दहा टक्क्यांच्याही वर पिते, ती भिंतीवरच शोभते. पाणी न पिण्याचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा लागतो. व्हिट्रिफाइड टाईल नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही, कारण सिमेंट तिच्या पाठीत शिरूच शकत नाही. आमच्या जुन्या टाईली पोकळ वाजत होत्या त्याचं एक कारण हेच होतं. ह्या वेळी टाईल अ‍ॅडहेसिव्ह वापरलं, आणि सांध्यांना इपॉक्सी ग्राऊट. ते महाग पडतं, भरताना मिस्त्रीला घाई करावी लागते, लगेच पुसलं नाही तर टाईलवर डाग घट्ट बसतो. पण आम्ल त्याला खात नाही. सगळ्या खर्चात मी जर एकाच गोष्टीवर अडून बसले असेन तर ती ही.

टाईलच्या कॅटलॉगमध्ये आर नऊ, आर दहा, आर अकरा असं लिहिलेलं असतं, ते आकडे विचारून घ्यावेत. जर्मनीत ही चाचणी ठरली. तेल लावलेल्या फरशीवर बूट घातलेला माणूस चालवतात आणि फरशी हळूहळू तिरकी करत नेतात. किती अंशाला तो घसरतो त्यावरून नऊ ते तेरा असा दर्जा. नऊ सगळ्यात खालचा. साबणाच्या पाण्यात अनवाणी पायांची वेगळी चाचणीही आहे, तिचे दर्जे ए, बी, सी. आपल्याला खरी गरज ह्या दुसरीची आहे, आपण काही बूट घालून न्हात नाही. पण आम्ही पाहिलेल्या कॅटलॉगांत पहिलीच छापलेली होती. आम्ही आर अकराची घेतली, आणि अनवाणी चाचणी आत्याबाईंनी दुकानातच केली होती. ती पाचवी टाईल म्हणजे हीच.

रंगावरून घरात थोडं झालं. ह्यांना काळीभोर फरशी हवी होती. काळ्यावर क्षारांचे पांढरे डाग सगळ्यात उठून दिसतात, त्यामुळे ती आमच्या गावासाठी नव्हेच. पण पांढऱ्या भिंती, पांढरी जमीन, पांढरा कमोड असंही नको. आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. जमीन कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते ते त्यांना पहाटेच्या उजेडात कळत नाही. जमीन राखाडी, भिंती फिक्या पिवळ्या. कमोड पांढरा, तो राखाडीवर ठळक दिसतो.

नळ पितळी, क्रोम चढवलेले. पाईप सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, कारण जुना लोखंडी पाईप उकरून काढला तेव्हा आत करंगळी जाईल एवढीही वाट उरली नव्हती. चौकट ग्रॅनाइटची, दार पीव्हीसीचं. दार बाहेर उघडणारं केलं आणि ह्यावर मी कुणाचंही ऐकलं नाही. त्या दिवशी आत्याबाई दाराला टेकून पडल्या होत्या आणि आत उघडणारं दार आम्हाला ढकलता येईना. ती दहा मिनिटं मी विसरू शकत नाही. कमोडशेजारी आणि शिळेशेजारी स्टीलचे दांडे लावले, विटेच्या भिंतीत खोल घट्ट बसवलेले. नुसत्या टाईलला धरून असलेला दांडा भार पडला की टाईलसकट हातात येतो.

टाईल बसायच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं. जमिनीवर आणि भिंतीवर गुडघ्याच्या वरपर्यंत दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. मिस्त्री म्हणाला, “ताई, आता जाळीला बोळा घालून दोन इंच पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. भिंतीवर खूण करून ठेवा. पाणी उतरलं तर गळती.”

पाच बाय सातची न्हाणी, दोन इंच पाणी. मी मनात गुणाकार केला. एकशे पासष्ट लिटर. आणि माझा हात थांबला.

ज्यानं २०१६चा उन्हाळा लातुरात काढला त्याला हे समजेल. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची यायला लागली, खेपेला पंचवीस लाख. आम्ही टबात उभं राहून तांब्या-तांब्यानं आंघोळ करायचो आणि टबातलं पाणी संडासला वापरायचो. आत्याबाई भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालायच्या आणि तुळशीला तेवढंच मिळायचं. त्या घरात मी एकशे पासष्ट लिटर पाणी जमिनीवर ओतून नुसतं बघत बसायचं?

ओतलं. पेन्सिलीनं खूण केली. दोन दिवस जाता-येता खूण बघत होते. तिसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं. मग आत्याबाई स्टुलावर बसल्या, मी मगानं बादल्या भरल्या, आणि ते सगळं पाणी मागच्या नव्या गिलाव्यावर मारलं, तिसऱ्या दिवशी त्यालाही पाणी हवंच होतं. कमोडची टाकीही आम्ही दोन बटणांची घेतली, तीन लिटर आणि सहा लिटर. शॉवर बसवला नाही. पाईप काढून ठेवलाय, लेकीच्या मनात असेल तर ती पुढं बसवील.

शिळा आत न्यायला चार नव्हे, सहा माणसं लागली. लाकडी ओंडक्यांवरून सरकवत नेली. मिस्त्रीनं ओळंबा, लेव्हलची नळी, गुण्या, सगळं लावलं. पाच फुटांना पाऊण इंच उतार. शिळा टाईलच्या पातळीत, ठेच लागेल अशी कड कुठंही नाही, भोवती इपॉक्सीचा राखाडी सांधा. अर्धा दिवस तो त्या एका सांध्यावर गुडघ्यांवर बसला होता. सुरुवातीला ज्यानं नको म्हटलं होतं तोच शेवटी फडक्यानं शिळा पुसून म्हणाला, “असं काम पुन्हा मिळायचं न्हाई ताई.”

आता आठवड्यातून एकदा लिंबूसत्व पाण्यात विरघळवून त्यानं टाईली आणि नळ पुसते. आंघोळ झाली की ज्यानं त्यानं वायपर मारायचा, पाहुण्यांनीसुद्धा. अ‍ॅसिडची बाटली घरात नाही. शहाबादीही आलीच, पण मागच्या अंगणात, शिळेच्या रिकाम्या जागेवर, रफ, पॉलिश न केलेली. उन्हाळ्यात आत्याबाई तिच्यावर शेवया वाळवणार आहेत.

इपॉक्सी वाळायला दिलेले दिवस संपले तेव्हा पहाटे मी आधी उठले, पाणी तापवलं, बादली आत ठेवली. आत्याबाई आल्या. दांड्याला हात घालून शिळेवर पाय ठेवला. लगेच बसल्या नाहीत. तांब्या भरला आणि अंगावर न घेता दाराजवळच्या लांबच्या कोपऱ्यात ओतला. पाणी जरा थांबलं, मग सांध्यासांध्यानं वाट काढत, शिळेला वळसा घालून जाळीपाशी आलं आणि आत उतरलं. दुसरा तांब्या त्यांनी शिळेवर ओतला. टाकीच्या बारीक खड्ड्यांतून पाणी चमकत खाली गेलं. कोपरा रिकामा झालाय का ते त्यांनी वाकून पाहिलं.

“गेलं,” म्हणाल्या. “आता दार लावून घे माय. वारं यायलंय.”